केदार नावाचं क्रियापद

कापसाच्या पडझडीच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरची माणसं फार यायची. बहुतेक जण गाडीतून उतरायचे, फोटो काढायचे, परत जायचे. स्पेनहून आलेली एक बाई मात्र मुक्कामालाच आली. नवऱ्यामागे एकटीने शेती करणाऱ्या बायकांबद्दल तिला लिहायचं होतं. दिग्रसला आमच्या शाळेमागच्या गल्लीत तिने खोली घेतली. मी त्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. तिचं इंग्रजी माझ्याहून अडखळतं होतं. शेवटी मीच म्हटलं, "त्यापेक्षा तू मला स्पॅनिश शिकव."

संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला यायची. सासूबाई पोळ्या लाटायच्या, मी शेकायचे आणि ती पाटावर बसून शिकवायची. सगळं ठीक चाललं होतं, पण एक क्रियापद काही हाती लागेना. केदार.

"हा केदार कोन व?" सासूबाईंनी एकदा विचारलंच. "रोज त्याचंच नाव घेऊन राह्यल्या तुमी."

"माणूस नाही आई, शब्द आहे. केदार म्हणजे राहणं."

"मंग तसं सांग ना!"

पण तसं नव्हतंच. बुद्धपौर्णिमेला सासूबाईंनी तिला आपली पांढरी साडी नेसवली. आरशासमोर उभी राहून तिने विचारलं, "मे केदा ब्येन?" मी म्हटलं, "मी बरी राहते, असं म्हणतेय." सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "काही तरीच सांगते! शोभते का मले, असं इचारून राह्यली ते." आणि तिच्या गालावरून बोटं फिरवून म्हणाल्या, "लय शोभते."

पुढच्याच आठवड्यात याच शब्दाने मला खड्ड्यात घातलं. बोरी अरबकडच्या एका गावी जायचं आमचं चाललं होतं, पण ऊन फार होतं. रात्री जेवून घरी निघताना ती दारातून म्हणाली, "केदामोस मान्याना." उद्या आपण राहू, असा मी अर्थ लावला. म्हणजे बेत रद्द. दुसऱ्या दिवशी मी निवांत डोक्याला तेल लावून बसले. दुपारी ती आली ती लालबुंद होऊन. सकाळपासून स्टँडवर उभी होती. दारव्ह्याच्या गाड्या एकामागून एक निघून गेल्या होत्या.

"आपलं ठरलं होतं ना!" ती इंग्रजीत ओरडली.

"तू राहू म्हणालीस!"

"भेटायचं ठरलं, त्यालाही केदारच म्हणतात!"

सासूबाईंनी दोघींच्या हातात ताकाचे पेले दिले आणि आधी प्या म्हणाल्या. पेला अर्धा झाला तेव्हा तिला हसू फुटलं. मग मलाही आवरेना.

दोन दिवसांनी आम्ही त्या गावी गेलो, एकाच गाडीने. तिथल्या बाईचं वय माझ्याएवढंच. मी कोरडी, समजूतदार स्पॅनिश वाक्यं मनात जुळवून नेली होती. नवऱ्याबद्दल विचारलं तर तिने फार काही सांगितलं नाही. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कापता कापता म्हणाली, "तो गेला. मी राह्यली."

मी पाहुणीकडे वळले. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. तोंडातून आपोआप निघालं, "एल से फ्वे. एया से केदो." पाहुणीने पेन खाली ठेवलं. त्या बाईने विचारलं, "समजलं का तिले?" मी हो म्हटलं. "मंग चहा मांडतो," असं म्हणून ती उठली आणि आम्हाला घरी घेऊन गेली. चहा गूळ घातलेला, दाट होता. मग ती यंदाच्या तुरीबद्दल बोलत राहिली, खूप वेळ, उत्साहाने. कपाशी अर्धी कमी करून तूर वाढवायचं तिने ठरवलं होतं आणि त्यासाठी दिराशी भांडून घेतलं होतं.

परतताना गाडीत मला मळमळलं. उन्हाचं असेल म्हणून सोडून दिलं. आठवड्याभराने डॉक्टरीणबाईंनी वेगळंच सांगितलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. आम्ही वाट पाहणं सोडूनही दिलं होतं. संध्याकाळी पाहुणी आली तशी सासूबाईंनी तिला दारातच गाठलं.

"सुनेले दिवस राह्यले!"

तिला समजेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"केदार!" ती किंचाळली. "आमच्याकडेही केदारच! केदार्से एंबारासादा!" आणि तिने चपलांसकट घरात येऊन आम्हा दोघींना मिठी मारली.

सासूबाई मिठीतून सुटत म्हणाल्या, "सोड व, पोळी जळून राह्यली."

तिचं काम पावसाळ्यातच संपलं होतं, तरी पोरगी होईपर्यंत ती दिग्रसलाच होती. बारशाला तिने पाळणा हलवला आणि आपल्या भाषेत एक लांबलचक गाणं म्हटलं. मला त्यातलं निम्मं कळलं. पोरगी मात्र पहिल्याच कडव्याला झोपली.