भिंतीकडे फिरवलेला फोटो

मुलांनो, तुमच्या बाबाचा बाप्तिस्मा करणाऱ्या दिवंगत फादरांचा फोटो काल चर्चच्या हॉलमध्ये कुणीतरी भिंतीकडे तोंड करून टांगला होता. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या लोकांत, त्या फादरांवरून दोन तट पडलेत, म्हणून.

"जाऊ दे गं, मेलेल्याला काय कळतंय?" शेजारी उभे असलेले अंतोनभाऊ म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. हजारएक वर्षांपूर्वी रोममध्ये अशाच फुटीत एका पोपचं प्रेत थडग्यातून काढलं, झगा चढवून खुर्चीत बसवलं आणि त्याच्यावर खटला चालवला. मला जास्त राग येतो तो समोर मान खाली घालून बसलेल्या बिशपांचा.

फोटो मी सरळ केला, अंतोनभाऊंनाही सुनावलं. पण मागच्या रविवारी याच हॉलमध्ये काही जण याच फादरांना चोर म्हणत होते, तेव्हा मीही चहा पीत गप्प बसले होते.