बाबांच्या पलंगाखालचा पंखा

आई गेल्यावर बाबा रत्नागिरीचं घर बंद करून आमच्याकडे भाईंदरला राहायला आले. थोड्याच दिवसांत म्हणाले, "पलंग हलतोय गं."

एका दुपारी त्यांच्या पलंगावर आडवी झाले आणि मलाही ते जाणवलं. पाठीखाली बारीक, एकसारखी थरथर. आमच्या खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा गाळा आहे. तिथली धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखा छताला टांगलेला, आणि गाळ्याचं छत म्हणजे बाबांच्या खोलीची जमीन.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घरच्याच लॅपटॉपवर त्या खोलीच्या स्लॅबचं मॉडेल उभं केलं आणि पंख्याच्या जागी लाटेसारखा चढत-उतरत जाणारा भार दिला. भार केवढा, सेकंदाला किती वेळा, एवढं सांगितलं की सॉफ्टवेअर तो पुन्हा पुन्हा लावत राहतं. पहिल्यांदा मी हिशोबासाठी वेळेचे तुकडे मोठे घेतले, तर लाटेचे माथेच कापले गेले आणि उत्तर आलं, काही हलत नाही. तुकडे बारीक केल्यावर मात्र आलेख दर फेरीला फुगत गेला. पंख्याची गती आणि स्लॅबची स्वतःची हलण्याची गती जवळजवळ एकच होती. बाबा शेजारी बसून बघत होते.

"म्हणजे मला भास होत नव्हता," ते म्हणाले. त्या दिवशी पोटभर जेवले.

गाळेवाला भला माणूस निघाला. "मॅडम, बंद तो नहीं कर सकता, बाकी जो बोलो." त्याने पंख्याची पाती बॅलन्स करून घेतली, पंखा छतावरून उतरवला आणि खाली लोखंडी चौकटीवर, रबराचे पॅड घालून बसवला. मी खोलीत पाण्याची परात ठेवून बघितली. पाणी हललं नाही.

"थांबलं ना?" मी विचारलं.

"नाही गं. तसंच आहे."

मग त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थोडा आळा बसेल, बरा व्हायचा नाही. मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "खाली जाऊन त्याला सांग ना, अजून थोडं रबर घाल म्हणावं."

मी खाली गेले, गेटपाशी जरा वेळ उभी राहिले आणि वर आले.

"काय म्हणाला?"

"करतो म्हणाला."

असं बऱ्याचदा झालं. पुढे त्यांनी सांगणं सोडून दिलं. आता त्यांना चमचा धरता येत नाही, मी भरवते. बोलणंही कमी झालंय.

गेल्या रविवारी गाळा बंद होता. इमारतीत कसलाच आवाज नव्हता. मी पेज घेऊन खोलीत गेले, तर बाबा पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.