भोपाळच्या शीटवर नागपूरची माफी

"गजाननजी, इन तीन लेडीज का पीटी क्यों नहीं काटा?" तिवारीजींनी पगाराची शीट माझ्यापुढे सरकवली.

तिवारीजी आमचे टॅक्स कन्सल्टंट. महिन्यातून एकदा भोपाळात अवधपुरीजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येतात, चहा पितात आणि एखादी चूक काढतात. ती निस्तरायची फी वेगळी. म्हणून मी सावध झालो.

पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, राज्य सरकारचा कर. मालकाने पगारातून कापायचा आणि सरकारकडे भरायचा. हे काम मी आमच्या कोठेकरसाहेबांच्या नागपूरच्या युनिटमध्ये शिकलो. तिकडे पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ. आमच्या तिघींना बावीस हजार. मग कापायचं काय?

"लेडीज को माफ है," मी म्हणालो.

"किसने कहा?"

"महाराष्ट्र में..."

"भैया, बैठे तो भोपाल में हो!"

मला वाटलं, हा फीचा डाव. पण रात्री झोप लागेना. मी दहावी नापास. कुणी दारात उभं केलं नसतं, तिथे साहेबांनी मला शिकवलं, विश्वासाने इकडे आणलं. घरचे सगळे यवतमाळला माझ्या पगारावर. चूक माझीच निघाली तर?

दुसऱ्या दिवशी तिवारीजींना न सांगता कर कार्यालयात गेलो. बाबूने दरांचा तक्ता दिला. बायकांचा वेगळा रकाना मी तीनदा शोधला. नव्हताच.

तक्ता साहेबांपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

"किती महिने कापला नाहीस?"

"दहा."

"म्हणजे तिवारी खरा निघाला?"

"हो साहेब. तिघींच्या पुढच्या पगारातून कापून घेऊ का?"

"एकदम साडेबाराशे? घेराव घालतील तुला. आपण कापला नाही म्हणून सरकार सोडत नाही, ते मालकालाच धरतं. मागचं मी भरतो, व्याजासकट. पुढचं तू त्यांना समजाव."

"आणि माझं काय, साहेब?"

"तुझं काय? शीट दुरुस्त कर. जा."

तिवारीजींनी फी घेतलीच.

पुढच्या पगारात सव्वाशे कापले. तिघींपैकी सुनीताबाई स्लिप घेऊन थेट टेबलाशी. "अब तक नहीं कटा, अब अचानक? किसकी जेब में जा रहा है, भैया?"

मी तक्ता दाखवला. त्यांनी तो वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"आपका भी कटता है?"

मी माझी स्लिप पुढे केली.

आता दर महिन्याला त्या आधी माझी स्लिप बघतात, मग स्वतःची. मला राग येत नाही. मी तिवारीजींवर याहून कमीच विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या राज्यात युनिट टाकलंत तर मशीन खुशाल हलवा. पगाराची शीट मात्र तिथल्या तक्त्यावरून नवी करा.