बोअरवाल्यांची खानावळ

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही उदगीर सोडलं. आमचे हे तिथं आडतीवर दिवाणजी होते, पण दुष्काळात आडतीला मालच येईना. लातुरात मात्र रोज कुठलं तरी नवं ऑफिस उघडत होतं. साहेब, कारकून, शिपाई, सगळे बिऱ्हाड गावाकडं ठेवून आलेले. त्यांच्या जेवणाचं बघायचं, असं ह्यांच्या मनानं घेतलं. बसस्टँडच्या मागं दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या खोलीत पंगत, मागच्या खोलीत चूल आणि आमचा संसार.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते पटलं नव्हतं. "परक्या गड्यांपुढं सून ताटं मांडणार व्हय?" त्या म्हणाल्या.

"ती आत रांधंल. वाढायला मी हाय की," हे म्हणाले.

तसंच चाललं. मी दाराआडून ताट सरकवायची. माझ्या हातचं कोण जेवतंय, त्याचं तोंडसुद्धा मला ठाऊक नसायचं.

मग बोअरची गाडी आली. गावोगाव बोअर घ्यायला तामिळनाडूकडची माणसं आली होती आणि ती जेवायला आमच्याकडं ठरली. गाडी एवढी दांडगी की आमच्या गल्लीत वळेना. तिच्या पाठीवर लोखंडी मनोरा आडवा झोपलेला. शेजारपाजारचे लोक येऊन तिला हात लावून जायचे. माणसं कामावरून परतली ती दगडाच्या भुकटीनं पांढरीफटक होऊन. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. दाराच्या फटीतून मी बघतच राहिले. अशी माणसं मी जन्मात बघितली नव्हती.

त्या संध्याकाळी भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. ताटं जवळजवळ तशीच परत आली. भाकरी कडेनं थोडी मोडलेली, बस्स. ह्यांनी खुणा करून विचारलं, तर ती माणसं नुसती हसून मान हलवायची. त्यांचा म्हातारा मुकादम मात्र हळूच म्हणाला, "अन्न इल्वा?"

भात नाही का, असं तो कानडीत विचारत होता. माझ्या माहेरी घरात कानडीच. मला काय झालं कोण जाणे, दाराआडूनच मोठ्यानं बोलून गेले, "नाळे माडतीनि!" उद्या करते.

सगळी पंगत दाराकडं बघायला लागली. हे हातातलं भांडं तसंच धरून उभे. मुकादम ताटावरून उठला, दाराच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाला, "अम्मा!"

तो गुलबर्ग्याकडं बरीच वर्षं काम करून आला होता. दुसऱ्या दिवशी भाताचं पातेलं घेऊन मी स्वतः बाहेर आले. डोक्यावरचा पदर सावरू की भात वाढू, तेच समजेना. पण त्या माणसांनी ज्या चवीनं भात कालवला, ते बघून माझी भीती कुठल्या कुठं गेली. चिंचेचं सार कसं करायचं, मिरी किती घालायची, ते मुकादमानं मला सांगितलं. मी हिंग वाढवला. काही दिवसांतच ऑफिसातले कारकूनही सार मागायला लागले.

त्या माणसांची एक गोष्ट आत्याबाईंच्या नजरेत भरली. हात धुवायला ती वाटीभर पाणी घ्यायची, त्यातलंही निम्मं पुढच्याला द्यायची. "पाणी काढणारीच माणसं, अन् पाण्याला किती जपून राहिलेत बघ," त्या म्हणाल्या.

एकदा मी मुकादमाला कानडीत विचारलं, "खाली पाणी हाय हे तुम्हाला वरून कसं कळतं?"

तो हसला. "कळत न्हाई अम्मा. दगडात शिरल्यावरच कळतं. या की बघायला."

"मी बी येते," आत्याबाई एकदम म्हणाल्या. उदगीरकडच्या म्हणून त्यांनाही थोडं कानडी कळायचं. ह्यांना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

बोअरवाल्यांच्या जीपमधून आम्ही तिघं औशाच्या बाजूच्या एका गावाला गेलो. तिथं आधी घेतलेले बोअर कोरडे गेले होते. घागरी घेऊन सगळं गाव उभं होतं. मुकादमानं नारळ फोडला, कापूर लावला आणि मशीन सुरू केलं. असा आवाज, की छातीत धडधडावं. पायाखालची भुई थरथरत होती. पांढऱ्या धुरळ्याचा लोट आभाळात चढत होता. ऊन डोक्यावर आलं, तरी धुरळाच. बाया मुकाट्यानं खाली बसल्या.

मग धुरळ्याचा रंग बदलला. तो करडा झाला, जड झाला, खाली पडायला लागला. चिखल उडाला. आणि एकाएकी पाणी उसळलं, बाभळीच्याही वर! लोक ओरडत होते, पण मला काही ऐकूच येईना. एवढ्या रखरखीत दगडाच्या पोटात हे कुठं दडून बसलं होतं? माझ्या अंगावर काटा आला. मुकादमानं ओंजळ धरली, पाणी जिभेला लावलं आणि मला हाक मारली, "अम्मा, नीरु!"

आत्याबाईंनी चपला काढल्या. भिजत पुढं गेल्या, ते गढूळ पाणी दोन्ही डोळ्यांना लावलं. मग मुकादमासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ऊटक्क बर्री." जेवायला या. परक्या गड्याशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

त्या दिवशी पंगत वाढायला आत्याबाईच पुढं होत्या. पुढं गाडी दुसऱ्या मुलखात गेली. ती माणसं परत भेटली नाहीत. खानावळ मात्र वाढत गेली. काही वर्षांनी आम्ही नांदेडला स्टेशनजवळ एक लॉज चालवायला घेतला. काउंटरवर मी बसायची. पंजाबातून गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आलेली कुटुंबं, आंध्रातले व्यापारी, भोकरकडचे परीक्षेला आलेले विद्यार्थी. कुणाची भाषा येत नसली तरी मी आता दाराआड जात नव्हते.

तरी नवल काही सरलं नाही. कोण कुठला माणूस, दोन दिवसांचा प्रवास करून येतो, आपली ओळख ना पाळख. आपण दिलेलं पाणी पितो, आपण अंथरलेल्या गादीवर निर्धास्त झोपी जातो. सकाळी खोल्यांची दारं एकेक करून उघडायला लागली की मी काउंटरवरून नुसती बघत बसायची.