अब्बांच्या घोट्यातलं खत

अब्बांचा घोटा मोडला तो दुकानात. निमगाव केतकीत आमचं खतांचं दुकान आहे. थप्पीवरचं पोतं ओढताना अब्बा पोत्यासकट खाली आले. बारामतीच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिले. पोलादी स्क्रू बसवला तर तो काढायला कदाचित पुन्हा ऑपरेशन लागेल. मॅग्नेशियमचा बसवला तर हाड जुळेपर्यंत धरून ठेवेल आणि मग आपोआप विरघळून जाईल. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला सगळं कळतं असा घरात समज आहे. सही मीच केली, मॅग्नेशियमवर.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी धातूचं नाव विचारलं आणि उठूनच बसले.

"उसाचं पान पिवळं पडलं की आपण देतो, त्येच का? आगं, ते बादलीत टाकल्याबरूबर विरघळतंय."

ते खत वेगळं, हा धातू वेगळा, हे मी तीन वेळा समजावलं. पण त्यांनी उभा जन्म खत विकण्यात घालवला होता. माझी बीएस्सी त्यापुढे काय टिकणार!

अब्बांना एकच हवं होतं, नमाजाला पुन्हा जमिनीवर बसायचं. मशिदीत त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. तिच्यात बसलं की स्वतःच्याच गावात पाहुणा आल्यासारखं वाटतं, असं ते म्हणत. स्क्रू जायच्या आत हाड जुळलं तर बसता येणार होतं, नाहीतर पुन्हा ऑपरेशनचं टेबल. माझी तर झोपच उडाली होती.

पहिल्या तपासणीत एक्स-रेवर स्क्रूभोवती काळपट सावली दिसली. डॉक्टर म्हणाले, स्क्रू विरघळताना थोडा गॅस होतो, आपोआप जिरेल. अम्मीने त्यातलं 'गॅस' एवढंच उचललं. त्या दिवसापासून घरात हरभऱ्याची डाळ, बटाटा आणि वांगं बंद. वर जेवण झालं की अब्बांच्या तळहातावर चिमूटभर ओवा. मी अम्मीला हाडातला गॅस आणि पोटातला गॅस यांतला फरक सांगायला गेले, तर ती म्हणाली, शरीर एकच आहे ना.

अब्बांनी ती फिल्म दुकानात ट्यूबलाइटखाली लावली. गिऱ्हाईक पिवळी पानं दाखवायला यायचं आणि जाता जाता अब्बांचा घोटा बघायचं. काटेवाडीच्या एका ऊसवाल्याने सावलीवर बोट ठेवून निदान केलं, की मुळाशी पाणी जास्त झालंय. अब्बांना ते डॉक्टरांपेक्षा जास्त पटलं, पण घरात त्यांनी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या तपासणीला ते रांगेतच चक्कर येऊन माझ्या अंगावर कलंडले. दिवसाला पाणी किती पिता, असं डॉक्टरांनी विचारलं. अब्बा शांतपणे म्हणाले, दोन पेले.

"पानी तोडलंय. स्क्रू जरा दमानं विरघळंल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. विज्ञानाची बाई मीच होते! बाहेर आल्यावर माझा तोल गेला. हाड म्हणजे उसाची सरी नव्हे, किडनी गेली तर कुठलं खत घालणार, असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सही तुजी हाय," ते म्हणाले. "स्क्रू आदी गेला असता तर समद्यांनी तुलाच बोल लावला असता."

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून ती त्यांच्या हातात दिली आणि ती रिकामी होईपर्यंत तिथून हलले नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी शेवटची फिल्म आली, त्या दिवशी अम्मीही सोबत होती. हाड एकसंध झालं होतं आणि स्क्रूच्या जागी पुसटशी रेघ उरली होती. घरी गेल्यावर हळूहळू खाली बसून बघा, असं डॉक्टर म्हणाले. अब्बांना घर लांब वाटलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये त्यांनी खांद्यावरचा रुमाल अंथरला, माझा हात धरला आणि गुडघे मोडून सावकाश खाली बसले. एक सिस्टर येऊन म्हणाल्या, काका, खुर्च्या मोकळ्या आहेत. अब्बा नुसते हसले.

मग उठायला गेले, तर उठता येईना. इतके महिने मांड्यांना सवयच नव्हती. मी आणि अम्मी दोन्ही बाजूंनी हात द्यायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आत्ता कुटं बसलोय."

मला रडू आवरेना. मीही तिथंच फरशीवर बसले, मग अम्मीही बसली, आणि पेशंट आम्हाला वळसा घालून जात राहिले.