लाईट आली तरी

आमच्या धावड्यात लाईट गेली की लोक पंख्यासाठी बोंबलतात, मी फ्रिजसाठी बोंबलते. त्यात माझ्या पोराच्या फॅक्टरच्या, म्हंजी रक्त गोठवायच्या औषधाच्या, बाटल्या असतात. त्याला हिमोफिलिया आहे. रक्त यायला लागलं की थांबत न्हाई, अन् कधी आतल्या आत सांध्यात साकळतं. जालन्याच्या दवाखान्यातून त्या बाटल्या थर्मासात बर्फ घालून, एसटीत मांडीवर धरून मी आणते. सुई टोचायलाही मीच शिकले. माझा भाऊ याच दुखण्यानं गेला, तेव्हा असलं औषध आमच्या कानावरही नव्हतं.

यंदा पोरगं बारावीला. त्याचा गुडघा सुजला, मी फॅक्टर दिलं. एरवी संध्याकाळपर्यंत उठून चालायचा. या वेळी सकाळी गुडघा आणखी टम्म. दुसरी बाटली दिली, तरी तेच. आठवडाभर लाईट सारखी जात होती, माझं डोकंच फिरलं. वायरमनला भर चौकात धरलं.

"तुमच्या लाईटीनं माझं औषध नासवलं! लेकराचा पाय गेला तर तुमच्या दारात आणून बसवीन!"

"काकू, वरूनच जाऊन राह्यली, मी काय करू?" तो बिचारा म्हणाला. मी कशाची ऐकते!

जालन्यात डॉक्टरांनी त्यांच्या फ्रिजमधलं फॅक्टर दिलं, तेव्हा कुठं मला हायसं वाटलं. पण सूज काही उतरली न्हाई. मंग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

"ताई, तुमचं औषध नासलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "त्याचं शरीरच आता या औषधाला वैरी समजतंय. आत गेलं की निकामी करून टाकतंय."

"अगं माय! मंग आता?"

"दुसरं औषध आहे, पण इथं नाही. मागवलंय. तोवर पाय बिलकुल हलू देऊ नका."

नवऱ्याला पोराजवळ बसवून मी कपडे न्यायला गावी आले. कुलूप काढते तोच वायरमन पळत आला.

"काकू, तुमची लाईन आधी दुरुस्त केली बघा. आता जल्दी जाणार न्हाई. औषध राहील ना बराबर?"

"राहील बाबा," मी म्हणाले.

आत फ्रिज घरघरत होता. उघडून पाहिला. बाटल्या छान गार होत्या, एकही नासली नव्हती. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. औषध अजून आलं नव्हतं, अन् सूज मांडीपर्यंत चढली होती.