घोंगडीला कुलूप
इस्त्रीखाली सुती कापड जरा जळलं, की त्या वासानं मी कलकत्त्याच्या त्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहते. पन्नासच्या दशकात वडिलांची तिकडे बदली झाली आणि मी एका कॉलेजात प्रयोग शिकवायला लागले. माझ्यासोबत काम करणाऱ्या बंगाली बाईंना मी दीदी म्हणायची. एके दिवशी प्रयोग चालू होते; बर्नरच्या ज्योती हलू नयेत म्हणून पंखे बंद होते, घामानं सगळे निथळत होते. दीदींनी वरच्या फळीवरची बाटली घ्यायला हात उंचावला आणि त्यांच्या कडक खळीच्या साडीचा पदर बर्नरवर गेला. भपकन आग खांद्यापर्यंत चढली. आग विझवायची घोंगडी काचेच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली खाली कचेरीत. मुलं, मी, सगळे थिजलो. दीदींनी मात्र एका झटक्यात निऱ्या ओढल्या, साडी फरशीवर फेकली आणि परकर-पोलक्यात बाजूला झाल्या. हात भाजला, पण जीव वाचला. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी आम्हा दोघींना बोलावलं. मला वाटलं, कुलपाचं विचारतील. ते मान खाली घालून म्हणाले, "एवढ्या मुलांसमोर साडी सोडायची काय गरज होती?" दीदी पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाल्या, "नाहीतर सर, आज तुम्ही माझ्या शोकसभेत बोलत असता." संध्याकाळपर्यंत कपाटाचं कुलूप निघालं. इतक्या वर्षांनी आजही साडी नेसून झाली, की मी निऱ्या एकदा ओढून बघते, चटकन सुटतात ना म्हणून.